दोष आईचा नव्हता

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)



मागच्या महिन्यात एका गावच्या बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. कोपऱ्यात एक ताई सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मुलाला अजून मान धरता येत नव्हती. कुणी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “हा पोटात होता तेव्हा मी ग्रहण नीट पाळलं नाही म्हणे. विळीवर भाजी चिरली.” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. एकीने सुस्कारा टाकला. आणि विषय संपला.

आम्हीही गप्प बसलो. परतताना गाडीत एकमेकींना म्हणालो, आपण बोलायला हवं होतं. ते राहून गेलेलं बोलणं आज करायचं आहे. पण त्यासाठी तुम्हाला जरा लांब, व्हिएतनाम नावाच्या देशात यावं लागेल. तो आपल्यासारखाच भात खाणारा, भात लावणारा देश. तिथल्या असंख्य आयांनी वर्षानुवर्षं आपल्या मुलांच्या दुखण्याचा दोष स्वतःकडे घेतला. तो दोष त्यांचा नव्हता. तो त्यांच्या माथी कसा आला आणि त्यातल्या काहींनी तो कसा उतरवला, हे आपण ऐकू या.

जंगलावर पडलेला पाऊस

व्हिएतनाममध्ये युद्ध चाललं होतं. एका बाजूला अमेरिका आणि दक्षिण व्हिएतनामचं सरकार, दुसऱ्या बाजूला उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिणेतले गनिमी लढवय्ये. हे लढवय्ये दाट जंगलात लपत आणि गावच्या शेतातलं धान्य खात. म्हणून अमेरिकेच्या सैन्याने ठरवलं, की जंगलाची पानंच झडवायची आणि शेतं मारायची. १९६२ ते १९७१ या काळात विमानांनी त्या देशावर ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशक फवारलं.

त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं औषध पिंपांतून यायचं. पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘एजंट ऑरेंज’. त्यात दोन तणनाशकं निम्मी-निम्मी मिसळलेली होती. पहिलं टू-फोर-डी. हे नाव तुमच्यातल्या काही जणींनी दुकानात ऐकलं असेल, कारण ऊस, मका, ज्वारीतलं रुंद पानाचं तण मारायला ते आजही वापरतात. दुसरं टू-फोर-फाइव्ह-टी. ही दोन्ही औषधं झाडाच्या वाढीच्या रसाची नक्कल करतात. झाड वेड्यासारखं, वाकडंतिकडं वाढतं आणि मरून जातं.

खरा घात तिसऱ्याच गोष्टीने केला. दुसरं औषध कारखान्यात तयार होताना त्यात नको असलेलं एक विष आपोआप तयार व्हायचं. त्याचं नाव डायॉक्सिन. घाईने, जास्त उष्णतेवर माल काढला की ते आणखी वाढायचं. ते अगदी थोडं असलं तरी फार जहाल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या डायॉक्सिनला माणसात कर्करोग करणारं विष ठरवलं.

जंगलं उघडी पडली. समुद्रकाठच्या खाजणात वाढणारी कांदळवनं, म्हणजे आपल्या कोकणात असतात तशी खारफुटी, तर एकाच फवारणीत मरायची. दक्षिण व्हिएतनामच्या खारफुटीचा तिसरा हिस्सा असा गेला. डोंगरावर झाडं होती तिथे उंच, धारदार पात्याचं गवत माजलं. लोक त्याला ‘अमेरिकन गवत’ म्हणू लागले. ना ते गुरं आवडीने खात, ना त्यात दुसरं झाड उगवत.

विष घरात कसं शिरलं

फवारणी थांबून पन्नासहून अधिक वर्षं झाली. मग विष अजून कसं राहिलं? हे समजून घेण्यासारखं आहे.

डायॉक्सिन पानावर उन्हात पडलं तर लवकर विरतं. पण जमिनीत मुरलं, तळ्याच्या गाळात बसलं, की दशकानुदशकं टिकतं. ते पाण्यात विरघळत नाही, ते मातीला आणि चरबीला चिकटतं. गाळातले किडे मासा खातो, मासा बदक खातं, कोंबडी माती उकरते आणि मासा, बदक, अंडं आपल्या ताटात येतं. प्रत्येक पायरीला विष साठत जातं. माणसाच्या अंगात शिरल्यावर त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. आईच्या दुधात चरबी असते, म्हणून ते दुधातही उतरतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्हिएतनामी बायांच्या दुधात ते सापडलं होतं.

सगळ्यात जास्त विष कुठे राहिलं? जिथे पिंपं साठवली, विमानं भरली आणि धुतली, त्या विमानतळांवर. दा नांग, बियेन होआ, फु कात ही त्यांची नावं. आजूबाजूच्या लोकांना काहीच ठाऊक नव्हतं. ते तिथल्या तळ्यात मासे धरायचे. रिकामी पिंपंसुद्धा लोकांनी घरी नेली, पाणी साठवायला वापरली. पिंप चांगलं मजबूत होतं, टाकून कोण देणार? मैत्रिणींनो, औषधाचा रिकामा कॅन धुऊन आपल्याकडेही मोरीत ठेवला जातो. तेव्हा आपण नावं ठेवायला नको.

आपण कोण, हाच प्रश्न

जमीन बिघडली की माणसाचं फक्त पोट बिघडत नाही. आपण कोण आहोत, हे आपण जमिनीवरून सांगतो. आम्ही अमक्या शिवारातल्या, आमचं रान, आमची विहीर. व्हिएतनाममध्ये शेतं मेली, तेव्हा लाखो शेतकरी शहरांकडे आणि छावण्यांकडे गेले. काल भात लावणारी बाई आज दुसऱ्याचे कपडे धुऊ लागली. तिची ओळख शेतकरीण नव्हती आता, निर्वासित होती.

डोंगरातल्या आ लुओई खोऱ्यात ता ओई, पा को अशा आदिवासी जमाती राहतात. जंगल हेच त्यांचं कोठार आणि तोच दवाखाना. त्या जंगलावर वारंवार फवारणी झाली. युद्धाच्या काळात तिथल्या अनेकांनी हो चि मिन्ह या पुढाऱ्यावरून ‘हो’ हे आडनाव घेतलं. युद्धाने जंगल नेलं आणि नवं आडनाव दिलं, असंच म्हणायचं.

आणखी एक गोष्ट ऐका. सतरा-अठरा वर्षांच्या हजारो मुली स्वयंसेवक म्हणून जंगलातल्या वाटा दुरुस्त करायला गेल्या. बॉम्ब पडला की खड्डा बुजवायचा, ट्रक पुढे काढायचे. हिवतापाने त्यांचे केस गळले, उपासमारीने कित्येकींची पाळी बंद झाली. युद्ध संपून घरी आल्या, तर गाव म्हणे, आता वय झालं, तब्येत गेली, हिला कोण करणार? देशाने त्यांना वीर म्हटलं, पण गावाने लग्नाच्या बाजारातून बाद केलं. त्यांतल्या काही जणींनी लग्नाशिवाय मूल होऊ द्यायचं ठरवलं. तिकडे त्याला ‘मूल मागून घेणं’ म्हणतात. आधी लोकांनी तोंडं फिरवली. पण या बाया मागे हटल्या नाहीत. १९८६ च्या विवाह आणि कुटुंब कायद्याने अशा आईला आणि तिच्या मुलाला मान्यता दिली.

चाळीस वर्षांचं ओझं

आता एका बाईची हकिकत सांगतो. त्यांचं नाव त्रान तो न्गा. जन्म १९४२ चा. युद्धात त्या बातमीदार होत्या. १९६६ च्या सुमाराला कू ची भागात त्या जमिनीखालच्या आसऱ्यातून बाहेर आल्या, तेव्हा विमानातून पांढरट ढगासारखं काही खाली येताना दिसलं. अंगावर चिकट ओल बसली, खोकला आला. आईने सांगितलं, जा, धुऊन टाक. त्यांनी धुतलं आणि विसरून गेल्या.

१९६८ साली त्यांना मुलगी झाली. तिच्या हृदयात दोष होता. दीड वर्षाची होण्याआधीच ती गेली. न्गाताईंना वाटलं, चूक आपलीच. आपण चांगली आई नाही. हे ओझं त्या जवळपास चाळीस वर्षं वागवत राहिल्या. कितीतरी नंतर, एजंट ऑरेंजबद्दल वाचताना, लोकांना भेटताना, स्वतःचं रक्त तपासून घेताना त्यांना धागा सापडला.

मनाला बसलेला घाव म्हणतात तो हाच. तो फक्त रडण्यातून दिसत नाही. विमानाचा आवाज आला की छाती धडधडणं, रात्री झोप न लागणं, दुसऱ्या बाळंतपणाची नऊ महिने धास्ती, कुणाशी काही न बोलणं, हीही त्याचीच रूपं. युद्धातला बॉम्ब एकदा फुटतो. असं विष मात्र प्रत्येक गरोदरपणात पुन्हा भीती घालतं.

त्यात भर टाकतो गावाचा समज. व्हिएतनामी खेड्यात बरेच लोक मानत, की अधू मूल होणं हे मागच्या जन्माच्या किंवा पूर्वजांच्या पापाचं फळ. मग मूल घरात लपवायचं. त्याच्या बहिणीचं लग्न मोडेल म्हणून दुखण्याचं नावही काढायचं नाही. आपल्याकडे ग्रहण, तिकडे पूर्वजांचं पाप. दोन्हीकडे बोट फिरून बाईकडेच आलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एखाद्या मुलाला अमुक दोष डायॉक्सिननेच झाला, असं एकेका मुलाबद्दल ठामपणे सिद्ध करणं फार अवघड असतं. जन्मजात दोषांची कारणं अनेक असतात. शास्त्रज्ञांमध्ये यावर वाद आहेत. व्हिएतनामच्या रेड क्रॉसचा अंदाज आहे, की सुमारे ३० लाख लोकांच्या तब्येतीवर या फवारणीचा परिणाम झाला. अमेरिका तो आकडा मानत नाही. पण तिने आपल्या माजी सैनिकांसाठी १९९१ साली कायदा केला आणि त्यांच्या मुलांपैकी मणक्याचा एक जन्मजात दोष असलेल्यांना भत्ता सुरू केला. म्हणजे पुरावा अपुरा असतानाही आपल्या माणसांना मदत देता येते. व्हिएतनामी आयांना मात्र पुरावा आणा असं सांगितलं गेलं.

सांभाळलं कुणी?

सांभाळलं बायांनीच. आई, आजी, मोठी बहीण. भरवणं, कूस बदलणं, शी-शू काढणं, आणि हे मूल पंचवीस-तीस वर्षांचं झालं तरी तेच. बाई शेतावर जाऊ शकत नाही, म्हणून घर गरीब होतं. गरीब झालं म्हणून उपचार राहतात. आणि म्हातारी होताना एकच प्रश्न तिला खातो: मी गेल्यावर याचं कोण?

हे एकटीचं काम नाही, हे तिथे हळूहळू मानलं गेलं. डॉक्टर न्गुयेन थी न्गोक फुओंग या त्यात पुढे होत्या. हो चि मिन्ह शहरातल्या तू दू या बाळंतिणींच्या रुग्णालयात १९६८ पासून त्यांनी अशा बाळांचे जन्म पाहिले. आईच्या हातात ते बाळ कसं द्यायचं, हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज होता. त्यांनी नोंदी ठेवल्या, संशोधन केलं, ते जगासमोर मांडलं आणि आईवडिलांनी सोडून दिलेल्या मुलांसाठी रुग्णालयातच घर उभं केलं. २०२४ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००० सालापासून सरकारने युद्धात लढलेल्या बाधितांना आणि त्यांच्या मुलांना महिन्याचा भत्ता सुरू केला. पण तो सगळ्यांना नाही मिळाला. जो हरलेल्या बाजूने लढला, त्याच्या घरी विष तेच पोचलं, कागद मात्र पोचला नाही. २००४ मध्ये बाधितांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. दा नांगमध्ये तिने दिवसाची केंद्रं चालवली. मुलं सकाळी तिथे येतात, शिवण, फुलं, उदबत्त्या असं काही शिकतात आणि तेवढा वेळ आई कामाला जाऊ शकते. हनोईजवळ १९९८ साली ‘मैत्री गाव’ उघडलं. त्याची कल्पना जॉर्ज मिझो या अमेरिकी माजी सैनिकाची. ज्या देशाविरुद्ध तो लढला, तिथल्या मुलांसाठी त्याने घर बांधायला हात लावला.

जमिनीचीही शुश्रूषा झाली. हो चि मिन्ह शहराजवळच्या कान झो इथे १९७८ पासून लोकांनी चिखलात उभं राहून खारफुटीची रोपं लावली. २००० साली युनेस्कोने त्या जंगलाला राखीव जीवावरणाचा मान दिला. आ लुओई खोऱ्यात विषारी माती असलेल्या जुन्या तळाभोवती फुंग तुऊ बोई या वनशास्त्रज्ञाने काटेरी झाडांचं कुंपण लावून घेतलं. माणसं, गुरं आत जाऊ नयेत म्हणून. झाड कोणतं निवडलं? ज्याच्या शेंगांनी तिकडच्या बाया केस धुतात ते, आपल्या शिकेकाईसारखं. कुंपणही झालं आणि शेंगा विकून चार पैसेही. बियेन होआत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, की कुठल्या तळ्यातला मासा, कुठली मोकाट बदकं-कोंबड्या खायच्या नाहीत. दा नांगच्या विमानतळावरची माती २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या भट्टीत तापवून शुद्ध केली. त्याला अमेरिकेने पैसा दिला. बियेन होआचं काम त्याहून मोठं आहे आणि ते नंतर सुरू झालं.

न्यायाचं काय? अमेरिकी सैनिकांना १९८४ साली औषध कंपन्यांनी तडजोडीत १८ कोटी डॉलर दिले. व्हिएतनामी बाधितांचा दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ साली फेटाळला. न्गाताईंनी फ्रान्समध्ये २०१४ साली कंपन्यांवर दावा लावला. २०२१ मध्ये तो फेटाळला गेला, २०२४ मध्ये अपीलही. त्या तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या. दावा हरला, पण न्गाताईंच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. ‘मी वाईट आई’ हे त्यांनी स्वतःला म्हणणं थांबवलं. आता त्या विचारतात, हे कुणी केलं?

आपल्या गटासाठी

आता परत आपल्या बैठकीत येऊ. त्या ताईच्या मुलाला विषबाधा झाली असं आम्ही अजिबात म्हणत नाही. मान धरता न येण्याची कारणं वेगळी असू शकतात: बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडणं, फार लवकर जन्म होणं, जन्मानंतरची जोराची कावीळ. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. पण एक नक्की, ग्रहणात भाजी चिरल्याने मूल अधू होत नाही. दोष खोट्या जागी ठेवला की दोन नुकसानं होतात. आई आतून मोडते आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

म्हणून गटात चार गोष्टी करू या.

पहिली, अशा आईला “काय चुकलं गं?” असं विचारायचं नाही. “तुला कशाची मदत लागते?” असं विचारायचं.

दुसरी, मुलाला तपासणीला न्यायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. आशाताईला विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. कागद नसला तर काय होतं, ते आपण आत्ताच ऐकलं. आणि गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर मणक्याचे काही जन्मजात दोष टळतात, हे सुनांना, लेकींना सांगा.

तिसरी, आठवड्यातून दोन तास त्या मुलाजवळ बसायची पाळी लावा. आठ जणींचा गट असेल तर एकीच्या वाट्याला दोन महिन्यांतून एकदा येईल. तेवढ्यात ती आई बाजार करेल, नाहीतर नुसती झोपेल. तिला झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, तिथे फोन करून मराठीत बोलता येतं.

चौथी, औषधाचा कॅन घरात आणायचा नाही, कितीही मजबूत असला तरी. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. गरोदर बाईने फवारणीच्या शेतात जायचं नाही, आणि त्या दिवसाची तिची मजुरी बुडणार नाही हे गटाने पाहायचं.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच गावी पुन्हा जाणार आहोत. त्या ताईच्या शेजारी बसून, मागच्या वेळी राहिलेलं वाक्य सगळ्यांसमोर बोलणार आहोत: बाई गं, यात तुझा दोष नाही. तुमच्या गटातही अशी कुणी असेल, तर तिला हे सांगायला आमची वाट पाहू नका.